फडक्याखालचा अल्बम

मुनीर, आधी हे सांग, तुला एवढी घाई कसली होती?

गुरुवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करतोय, तर तुझ्या घराशेजारचा पोरगा पळत येतोय. मला वाटलं, गल्लीत परत कुठं तार तुटली असंल. धापा टाकत म्हणाला, "मुनीरभाई गेले." मी विचारलं, "कुठं?" आईशप्पथ, असंच विचारलं. सोलापूरला माल आणायला गेला असशील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. शटर अर्ध्यावर सोडून मी तसाच निघालो. चप्पल पण घातली नव्हती, हे तुझ्या दारात आल्यावर कळलं.

दाढी करून उठलास, छातीवर हात ठेवलास आणि संपलं. सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत गाडी पोचलीच न्हाय. संध्याकाळी तुला खांदा दिला, माती दिली, घरी येऊन अंघोळ केली. आणि एवढं सगळं झाल्यावरही मी बायकोला काय म्हणालो? "उद्या मुनीरला विचारायला पायजे, तो सोमवारचा अल्बम कुणाचा होता ते." ती रडायचीच थांबली. तिला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. झालाच होता. अजून उतरलेला न्हाय.

मयतीला लोक म्हणत होते, मुनीरभाई कुणाच्या अध्यात ना मध्यात, कधी कुणाला वाईट बोलले न्हाईत. मी मनात म्हणलं, तुम्ही ह्याला नवीन गाणं ऐकताना बघितलं न्हाय.

कुणी विचारलं की आपण एवढंच सांगायचो, नळदुर्गात हायवेच्या कडंला दोन दुकानं, मधी एक भिंत. तू ट्रकात साउंड सिस्टीम बसवायचास, मी मोबाईल आणि झेरॉक्स. सिस्टीम बसवली की ट्रायल घ्यायची, ट्रायलला गाणं लागतं, आणि जुनी गाणी वाजवून वाजवून तुला वीट आला होता. म्हणून दर आठवड्याला नवीन आलेला अल्बम लावायचास. मी भिंतीपलीकडनं ओरडायचो, "बंद कर ते, गिऱ्हाईक पळून जाईल." तू ओरडायचास, "पूरा सुन, मग बोल." ड्रायव्हर लोकांना गाण्यापेक्षा आपल्या भांडणाची मजा वाटायला लागली. कुणीतरी म्हणालं, हे रेकॉर्ड करून नेटवर टाका की. 'हायवेवरचे कान' असं नाव पण त्या उमरग्याच्या ड्रायव्हरनंच ठेवलं. आपण फक्त ट्रकाच्या केबिनमधी बसून भांडत राहिलो, आणि दर शुक्रवारी लोक ऐकत राहिले.

तुझी पद्धत न्यारी होती. आधी अख्खा अल्बम इंजिन चालू ठेवून ऐकायचा, मग तोच इंजिन बंद करून. मला वाटायचं, हे काय खूळ आहे. तू म्हणायचास, "आजकाल सगळी गाणी गोंगाटात खपतात रे. इंजिन बंद कर, मग बघ आत काय उरतंय ते." आणि खरंच, कितीतरी नावाजलेले अल्बम इंजिन बंद झालं की तोंडावर पडायचे. नुसती धडधड उरायची. दहा जणांनी मिळून केलेलं गाणं आणि गुणगुणायला एक ओळ न्हाय.

त्या मोठ्या हिंदी पिक्चरच्या अल्बमवरनं आपण बोलायचे बंद झालो होतो, आठवतंय? सगळी दुनिया त्यावर नाचत होती. मी म्हणालो, गायकाच्या आवाजाला एवढी कडक इस्त्री मारलीय की आत माणूस आहे का हँगर, तेच कळंना. लोक लई हसले त्याला. तू हसला न्हाईस. "आवाज सोड, चाल बघ की," म्हणालास, "चाल सुती हाय, अंगाला बरी वाटती." मी म्हणालो, तुझे कान गेले. तू म्हणालास, "तुला गाणं नक्को असतं, तुला टोमणा सुचायला हवा असतो." ह्यावरनं मी फुगून बसलो. मग एक दिवस तू भिंतीच्या कडंनं हात घालून माझ्याकडं कपबशी सरकवलीस आणि तीच चाल शिट्टीवर वाजवत बसलास, बिगर इस्त्रीची. चांगली होती. मी तुला तसं बोललो न्हाय.

एकदा तर तू मला अख्खा कन्नड अल्बम ऐकवलास. मला त्यातलं 'बा' आणि 'होगू', म्हणजे ये आणि जा, एवढं सोडलं तर काय कळतंय? तू म्हणालास, तेच बरं, शब्द कळत न्हाईत म्हणून तरी नीट ऐकशील. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बासरी गाणाऱ्याच्या मागं मागं चालती, पुढं न्हाय. गाणं ऐकायला मला तू शिकवलंस, मुनीर. लोक मला ओळखतात ते टोमण्यांमुळं. तू ऐकायचास आणि मी बोलायचो, अशी आपली वाटणीच होती.

आणि ते फडकं. माझ्या मेव्हण्याच्या पुतण्यानं अल्बम काढला तेव्हाची गोष्ट. पोरगं बेसूर, पण मेव्हणा समोर बसलेला. मी म्हणालो, "प्रयत्न आशादायक आहे." रेकॉर्डिंग बंद झाल्यावर तू पोट धरून हसलास. "आशादायक म्हणजे काय रे दिल्या? मूळव्याध झाल्यासारखं तोंड करून बोलत होतास!" मग एकदम गंभीर झालास. हात पुसायचं तेलकट फडकं उचललंस आणि मोबाईलवर टाकलंस. "आजपासनं नाव झाकायचं. इथं जो तो कुणाचा ना कुणाचा लागतोय. नाव दिसलं की कान फिरतात." तेव्हापासनं एका आठवड्याला अल्बम तू निवडायचा, एका आठवड्याला मी. दुसऱ्यानं नाव न बघता ऐकायचं, मत सांगायचं, आणि मग फडकं उचलायचं. लोकांना तोच खेळ जास्त आवडायचा. मी एकदा माझ्याच आवडत्या गायकाला असं झोडलं होतं की फडकं उचलल्यावर कानाची पाळी धरून बसलो.

ही पद्धत तू काढलीस. माझ्यावरच उलटवायला काढलीस का रे?

सोमवारी पाळी तुझी होती. नवा टँकर आला होता, ड्रायव्हर समोरच्या ढाब्यावर जेवायला गेलेला. तू ड्रायव्हरच्या सीटवर, मी शेजारी. मोबाईलवर फडकं. म्हणालास, "शुक्रवारी बाहेर येतोय, गाणाऱ्या पोरीनं आधीच पाठवलाय. नाव शुक्रवारीच सांगतो." मला त्यात काही वावगं वाटलं न्हाय. आजकाल पोरं पाठवतातच आधी. तू सारखे हात पुसत होतास, तेही मला आता आठवतंय. तेव्हा वाटलं, ग्रीस लागलं असंल.

पहिलं गाणं झालं. मी म्हणालो, "पोरगी गाती, ओरडत न्हाय. लई दिवसांनी असं ऐकलं." तू मोबाईलवरचं फडकं सरळ केलंस. दुसऱ्याला मी म्हणालो, "हलगीवाल्याला कुणीतरी पाणी द्या, बसवा जरा." तू हसलास. मग तिसरं लागलं. संथ. कुणीतरी स्टँडवर गाडीची वाट बघतंय, गाडी काही येत न्हाय. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि मला टोमणा सुचला. सुचला की मला दम निघत न्हाय, तुला माहीत आहे. मी हात लांब करून ते बंदच केलं. "गाडी येईना आणि गाणं जाईना," मी म्हणालो, "पुढचं लाव."

तू एवढा हसलास, मुनीर! स्टेअरिंगवर हात आपटलास तर हॉर्न वाजला आणि ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. मला काय माहीत. मला वाटलं, आज जमलं आपल्याला.

हसून झाल्यावर तू विचारलंस, "लांब वाटतंय का?"

"लांब? एवढ्यात माणूस उमरग्याला जाऊन जेवून येईल."

"आणि चाल?"

"चाल हाय कुठं?" मी म्हणालो.

तू मान हलवलीस आणि पुढचं गाणं लावलंस. आता मी डोळे मिटले की तुझी ती मान दिसती. त्या वेळेला मी चहावाल्याला हात करत होतो.

शुक्रवारी ड्रायव्हर लोकांचे मेसेज सुरू झाले. ज्यांना कळलं होतं ते हळहळत होते, ज्यांना न्हाय ते विचारत होते, आज कान बंद का? शेवटचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर पडून होतं. मी ठरवलं, हे टाकायचं. तुझं शेवटचं हसणं आहे त्यात. पण अल्बमचं नावच मला ठाऊक न्हाय, नाव तर तू घेऊन गेलास. म्हणून शनिवारी तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला तुझ्या घरी आलो, तेव्हा सनाला बाजूला बोलावून विचारलं, "बाळा, अब्बांच्या मोबाईलवर बघ जरा, सोमवारी आम्ही कुठला अल्बम ऐकला ते."

तुझी पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. "काका, तुम्हाला न्हाय सांगितलं त्यांनी?"

"काय?"

"त्यांचाच होता. सगळ्या चाली अब्बांच्या."

मला आधी समजलंच न्हाय ती काय बोलतीय ते. मी म्हणालो, "न्हाय न्हाय, ते कुणीतरी पोरगी गात होती." ती म्हणाली, "गायली ती उमरग्याची ताई. चाली अब्बांच्या." आणि मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. पलंगाखालनं चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड काढला. अरे, एवढी वर्षं मी त्या पलंगावर बसून शीरखुर्मा खातोय! खाली वाकून बघितलं न्हाय कधी. दर रविवारी तू सोलापूरला वायरी आणायला जायचास ना? सना म्हणाली, स्टुडिओत जायचे. वायरी पण आणायचे, तुम्हाला दाखवायला.

मग तिनं मोबाईल पुढं केला. 'उतारावरची गाणी.' संगीत, मुनीर. शुक्रवारी सकाळी ठरल्या वेळेला बाहेर आलेला. तू मातीत आणि तुझी गाणी बाजारात. अक्षरं नीट दिसंनात. मी गाण्यांची नावं वर-खाली, वर-खाली करत राहिलो. पहिलं गाणं होतं. हलगीचं होतं. त्याच्यापुढं एकदम ते चौथं, नणंद-भावजयीचं हसवणारं गाणं.

"सना, ते गाडीचं गाणं कुठाय?"

"ते काढलं. मंगळवारी अब्बांनी स्वतः स्टुडिओत फोन करून काढायला लावलं."

मी मोबाईल तिच्या हातात परत दिला.

मुनीर, मला संताप आला. माणूस जाऊन दोन दिवस झालेत आणि मला त्याचा असा राग येतोय की समोर असता तर कॉलर धरली असती. नाव झाकायचं ते लोकांचं. माझ्यापासनं झाकायचं? एक शब्द बोलला असतास तर मी… काय केलं असतं मी? 'आशादायक' म्हणालो असतो. तेच तोंड करून. हे तुलाही माहीत होतं, म्हणून तर फडकं टाकलंस. भाभी इद्दतमधी आहेत, परक्या पुरुषासमोर यायचं न्हाय, म्हणून पडद्याआडनं बोलल्या. म्हणाल्या, "उनकू सच सुनना था, दिलीपभाऊ. घर में तो सब अच्छाच बोलते." परत म्हणाल्या, "हलगी मेरेकू बी जास्तीच लगी थी." आणि पडद्याआड हसल्या का रडल्या, मला समजलं न्हाय. त्यांचं त्यांनाही समजलं नसंल.

पण खरा धक्का तो न्हाय. खरा धक्का घरी आल्यावर बसला. मी ते गाणं आठवायला बसलो आणि मला ते आठवंना. टोमणा आठवतो. माझा आवाज आठवतो, हॉर्न आठवतो, वळून बघणारी माणसं आठवतात. गाण्याची एक ओळ न्हाय, चालीचा एक तुकडा न्हाय. इतकी वर्षं मी नव्या अल्बमांवर मतं देतोय, लोक मला कान म्हणतात, आणि माझ्या मित्राचं गाणं माझ्या कानात शिरलंच नव्हतं. ज्या गाण्याला मी मारलं त्याला मी ओळखत पण नव्हतो.

दुसऱ्या दिवशी परत तुझ्या घरी गेलो. सनाला म्हणालो, "ते गाणं परत घाल अल्बममधी. हात जोडतो तुला. माझ्यामुळं गेलं ते."

तुझी पोरगी तुझ्यावरच गेलीय. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. म्हणाली, "न्हाय घालणार, काका. अब्बांनी काढलं, त्यांची मर्जी. त्यांना पटलं म्हणून काढलं. तुम्ही स्वतःला एवढं मोठं समजू नका."

दिली ना ठेवून! मला बरं वाटलं, खरं सांगतो. तुझ्या घरात अजून कुणीतरी मला फटकारणारं आहे.

मग तिचा आवाज जरा उतरला. "ऐकायचं असंल तर ऐका. नाव झाकायची गरज न्हाय आता." आणि तिनं लावलं.

गाण्याचं नाव 'परंड्याची गाडी'.

परंडा म्हणल्यावर मला बाकी काही सांगायला लागत न्हाय. तुझी अम्मी मामाकडं परंड्याला आजारी होती. निरोप आला, लवकर या. तेव्हा मोबाईल कुठले. आपण मिसरूड फुटलेली पोरं, धाराशिवच्या स्टँडवर परंड्याच्या गाडीची वाट बघत उभे. वाटेत ट्रक आडवा पडलेला आणि सगळा रस्ता तुंबलाय, हे आपल्याला कुणाला ठाऊक? आपण नुसते उभे. पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. तू रडला न्हाईस. "गाडी आली असती तर," एवढंच म्हणालास, आणि नंतर आयुष्यात कधी त्याचं नाव काढलं न्हाईस. मीही काढलं न्हाय. मला वाटलं, तू विसरलास.

सोमवारी मी ज्याच्या आधीच बंद केलं, ते तिसरं कडवं मी काल पहिल्यांदा ऐकलं. त्यात एक मैतर आहे. तो चौकशीच्या खिडकीशी जाऊन भांडतो, परत येतो, काही बोलत न्हाय, चहाचा पेला पुढं करतो, आणि परत भांडायला जातो. सना हळूच म्हणाली, "काका, हे तुम्ही ना?" मी भिंतीला टेकलो आणि तुझ्या लेकीसमोर लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. गुरुवारपासनं अडकलं होतं ते सगळं बाहेर आलं.

रेकॉर्डिंग आज टाकलं. भाभी म्हणाल्या, "वैसाच डालो, कुछ काटो मत." काही कापलं न्हाय. शेवटी फक्त तुझं नाव सांगितलं, कसंबसं. लोक विचारतायत, ते गाडीचं गाणं कुठलं, अल्बममधी तर दिसत न्हाय. त्यांना काय सांगू?

सनानं मला त्याची एक प्रत दिली, कुणाला न देण्याच्या बोलीवर. दुकानात बसून ऐकतोय, गिऱ्हाईक आलं तरी बंद करत न्हाय. तू म्हणशील, नाव बघून तुझे कान फिरले दिल्या, आता तुझ्या मताला काय किंमत. बरोबर आहे तुझं. तरी सांगतो, मत सांगितल्याशिवाय मला राहवत न्हाय. दुसऱ्या कडव्यात पेटी उगाच वाजती. पोरीनं एका ठिकाणी श्वास चुकवलाय. ह्या दोन गोष्टी तू जिवंत असतास तरी मी बोललोच असतो, आणि आपलं भांडण झालं असतं.

पण सोमवारचं एक मत मागं घेतो. मुनीर, ते गाणं लांब न्हाय. आपली गाडीच लई उशिरा आली होती.